मिरचीच्या गोणीतली चकती

माय, आठ दिवस झाले मी नंदुरबारला आहे आणि माझं कशातच चित्त लागत नाही. लॉजच्या खोलीत दुपारचं ताट तसंच झाकून ठेवलंय. दोनदा चप्पल घालून खाली गेले, चहा सांगितला आणि न पिताच वर आले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुला कधी एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं हे एक निमित्तच. आज मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय सुटका नाही, आणि जिवंत माणसाला सांगायची माझी छाती होत नाही.

मी पुण्यात नेमकं काय करते, हे तुला कळलं नसतं असं मला वाटायचं. कळलं असतं, कारण तू तेच करायचीस. पथारीच्या उघड्या मैदानावर वाळत घातलेली मिरची तू कानाशी धरून हलवायचीस आणि आतल्या बियांच्या आवाजावरून सांगायचीस, वाळली की नाही. मी नखाएवढ्या स्फटिकाच्या चकत्या बनवते. प्रत्येकीवर धातूच्या बारीक रेघा असतात, फणीचे दात एकमेकांत अडकवावेत तशा. एका टोकाला विजेचा इशारा दिला की त्याची लाट होते आणि ती चकतीच्या पृष्ठभागावरून पलीकडे धावते, खोल जात नाही. वाटेत वर काही बसलं असेल, ओल, वायू, काहीही, तर ती मंदावते. किती मंदावली त्यावरून आम्ही ओल मोजतो. चकतीला वायर नको, बॅटरी नको. दुरून रेडिओचा इशारा पाठवला की तीच उत्तर परत पाठवते. टायरमधल्या हवेपासून विजेच्या तारांच्या तापमानापर्यंत लोक असल्या चकत्या वापरतात. मिरचीच्या गोणीत ठेवायची कल्पना माझी, आणि तिचा मला भारी गर्व होता.

तू ज्या पथारीवर अर्धं आयुष्य काढलंस, त्याच पथारीच्या शेठच्या गोदामात मी दिवाळीनंतर चकत्या बसवल्या. आता धाकटे शेठ बघतात. भरण्याआधी मिरचीवर पाणी मारायची पद्धत तुला काय सांगायची. कोरडी ठणठणीत भरली तर गोणीत चुरा होतो, जास्त भिजली तर बुरशी धरते. ते पाणी तेव्हाही मावशीच मारायची, तुझ्या शेजारी बसून देठ खुडणारी. बादलीत हात बुडवून ती शिंपडायची, एक मिरची उचलून हलवायची, मग थांबायची. इतक्या वर्षांत तिचा माल नासल्याचं कुणाला आठवत नाही. पण महिनाभरानं माझे आकडे चढायला लागले. प्रत्येक गोणी ओली दिसत होती. मी शेठना तसा कागद दिला. मावशीला बोलावलं, तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पोर, मी जास्त पानी मारं नही. कानले लाई देख ना." मी मिरची हातात घेतलीसुद्धा नाही. शेठ म्हणाले, "यंत्र थोडंच खोटं बोलणार, ताई?" आणि दुसऱ्या दिवसापासून मावशी देठ खुडायला बसली, नव्या बायांच्या रांगेत, सगळ्यात शेवटी.

तिच्या जागी जो आला, त्याला शेठनं हात आखडता घ्यायला सांगितलं. तरी आकडे चढतेच. गोणी उघडली तर आत चुरा. परवा मी एक चकती काढली आणि कोरड्या हवेच्या डब्यात दिवसभर ठेवली. ओल असती तर उडून गेली असती. आकडा हलला नाही. मग स्पिरिटच्या बोळ्यानं ती पुसली, तेव्हा कुठे तो खाली आला. बोळा तांबूस झाला होता आणि माझी बोटं आग आग करत होती. मिरचीचं तेल, माय. चकतीवरच्या झाकणाच्या जाळीतून आत शिरून थरावर थर बसलं होतं आणि माझी लाट त्याच्याखाली मंदावत होती. मी चकती तपासली होती ती प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, दमट हवेत. जोडीला ओल न धरणारी एक चकती ठेवायला हवी होती, म्हणजे तुलना करता आली असती. तीही ठेवली नाही. हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं तर समजू शकते. मी तुझी लेक. हंगामात तू कधी माझ्या गालाला हात लावला नाहीस, वेणी घालताना मनगटानं माझं डोकं सरळ करायचीस. ताकानं, तेलानं धुवूनही तुझे हात आठ-आठ दिवस तिखट असायचे. मिरची किती चिकटून बसते, हे मला कुणी शिकवायची गरज होती का?

पाचवीत असताना मी तुझ्या शेजारी बसून मिरच्या निवडत होते. कंटाळून एक नुसतीच हलवली आणि वाळलेल्या ढिगात टाकली. तू ती परत उचललीस. "तू ऐकं का? ऐकं नही नि सांगी दिधं!" तेवढं बोलून तू संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. तेव्हा मला तुझा राग आला होता. एका मिरचीनं काय होतं, असं वाटलं होतं.

सोमवारी शेठचे दोन व्यापारी मित्र माझं यंत्र बघायला येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर आमच्या कंपनीत माझी मान ताठ. मी परवापासून एक कागद लिहून ठेवलाय: 'नोंदींमध्ये काही तफावत आढळल्याने चकतीच्या रचनेत सुधारणा करत आहोत.' वाक्य बिनचूक आहे. त्यात मावशी कुठेच नाही.

आणि आज सकाळी ती स्वतःच माझ्याकडे आली. पदरात चार मिरच्या बांधून आणल्या होत्या. एकेक कानाशी धरून हलवली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी माणसं डॉक्टरकडे बघतात. म्हणाली, "पोर, खरं सांग. मन्हा कान गया का? आते माले बराबर ऐकू येत नही व्हई." घरीही आता तिनं मिरची निवडणं सोडलंय, सुनेला सांगते म्हणाली. मला सगळं ठाऊक होतं. बोळा अजून माझ्या पिशवीत होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वय झालं मावशी, होतंच असं."

ती मान हलवून परत रांगेत जाऊन बसली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, माय. तिच्या चांगल्या धडधाकट कानापेक्षा माझ्यावर.

पथारी पाच वाजता सुटते. आता चार वाजून गेलेत. रिक्षानं दहा मिनिटांची वाट आहे. सगळ्या बायांसमोर सांगायचं, की एकटीला बाजूला घेऊन, हे अजून ठरत नाही. समोर सांगायला हवं, एवढं कळतं. हे पत्र मी घडी घालून डायरीत ठेवणार आहे, ते कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. खरं सांगते, तू जिवंत असतीस तर यातलं अक्षरही मी तुला कळू दिलं नसतं.