कोरडे तांदूळ

घाटंजी, पोळा झाल्यावर, १९५८

कौशी,

काल बाजारात तुझा भाऊ भेटला. म्हणे तुले कावीळ झाली, डोळे हळदीसारखे झाले. डाक्तरानं सांगितलं, कलेजा सुजला की कोणाकोणाच्या तोंडाची लाळ आटते, हिरड्या सोलतात. तुले महिनाभरापासून तसंच होतं म्हणे.

महिन्याआधीच माझी सोन्याची एकदाणी गेली होती. माझ्या सासूच्या रीतीनं मी घरातल्या सगळ्याईले तांदूळ चावायले देले. चोराचं तोंड भेवानं कोरडं पडते. सगळ्याईचे तांदूळ ओले निघाले, तुझे कोरडे. तू म्हणाली, "आत्याबाई, चार दिवसांपासून भाकर बी गिळवत नाही वो." मी म्हटलं, "सोनं बरं गिळवलं!" अन् तुले माहेरी धाडलं.

परवा एकदाणी तुझ्या पोरीले सरकीच्या पोत्यात सापडली. बाजाराले जाताना मीच लपवली होती अन् इसरून गेली. नात मले इचारते, "आजी, आता माय येईन ना?"

हे पत्र मी धाडत नाही. तुले वाचता येत नाही, अन् भाऊ चारचौघात वाचून दाखवील.

आज मी तसेच तांदूळ चावून पाह्यले. कोरडेच निघाले. मले कावीळ नाही.

तुझी सासू,
बायजाबाई