ओळख दाखवायची नाही

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळभर बसवून ठेवलं आणि एकाही माणसाने पाणी विचारलं नाही. "कसं वाटतंय" मात्र सगळ्यांनी विचारलं. घशाला कोरड पडलीय असं वाटतंय, म्हटलं. तर मुख्य बाई म्हणाल्या, "छान, शरीराकडे लक्ष आहे तुमचं." लक्ष आहे, पाणी नाही. खुर्च्या गोल मांडलेल्या. गोलात बसलं की समोरच्यांचे गुडघे बघत बसावं लागतं.

ही वही तिथलीच. मनावर उपचार करणाऱ्यांची संघटना आहे. नव्या पोरापोरींना तिथे ट्रेनिंग देतात. खऱ्या पेशंटवर हात साफ करायला नको म्हणून आमच्यासारखी रिकामी माणसं बोलावतात. सरावाचे पेशंट. एक कार्ड हातात देतात, त्यावर दुःख लिहिलेलं असतं. ते आपलंच समजून सांगायचं आणि पोरांनी ऐकायचं. घरी रोज चार ओळी लिहा, कुणाला दाखवू नका, असं बाईंनी सांगितलं. मी चौथीपर्यंत शिकले. चार ओळी झेपतील.

मी का जाते ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या कुणी भलतं म्हणेल. घरात बसून हाडं आखडतात म्हणून जाते. घुमी तिथेच शिकते, हा योगायोग.

घुमी म्हणजे माझी नात. तिची आई, माझी मुलगी, गेली तेव्हा पोर नऊ वर्षांची. कितीतरी महिने तोंडातून शब्द नाही. म्हणून मीच नाव ठेवलं घुमी. मी तिला रडत बसू दिलं नाही. आठवड्याच्या आत शाळेत धाडली. आईचे कपडे वाटून टाकले, फोटो कपाटात वर. रडून माणूस परत येतं का? म्हणून तर पोर उभी राहिली.

आता वर्षभर ती खोली घेऊन राहते. क्लास जवळ पडतो. फोन उचलत नाही. क्लासच असतो सारखा.

५ फेब्रुवारी

आजचं दुःख: झोप येत नाही. माझ्यासमोर चष्मेवाली बसली. चेहरा असा, जणू माझीच मयत आहे. मी कार्ड वाचलं. ती म्हणाली, झोप येत नाही तेव्हा मनात काय येतं? मी म्हटलं, दिवसा काम केलं तर काही येत नाही, झोप येते. ती म्हणाली, मला पण येत नाही हो. मग तिचंच ऐकलं. तिला सांगितलं, हे काम तुझं नव्हे, शिवण शिक.

पहिल्याच दिवशी एक पोर बरी केली. बाईंना सांगणार आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आज एक मोठी गोष्ट कळली. बाईंनी नव्या लोकांना नियम सांगितले. पहिला: खोलीत बोललेलं खोलीतच राहतं. दुसरा: रस्त्यात, दुकानात भेट झाली तर ही मंडळी तुम्हाला ओळख दाखवणार नाहीत. अपमान समजू नका. तुम्ही यांच्याकडे येता हे चारचौघांना कळू नये म्हणून तसं. तुम्ही आधी हाक मारलीत तरच बोलतील.

तासाभराने जिन्यात घुमी समोरून आली. केस कापलेत. बरे दिसतात. तिने मला पाहिलं, मग भिंतीवरची नोटीस वाचू लागली. नोटिशीत काय होतं, तर नळदुरुस्ती. पाणी येऊन गेलं तरी ही वाचतेच आहे.

मी पण ओळख दाखवली नाही. काय शिस्त पोरीची! सख्खी आजी समोर, पण नियम म्हणजे नियम. माझ्या हाताखालचं वळण आहे ते. मी हाक मारली असती तर बोललीच असती. पण पोरीचा नियम मी कशाला मोडायला लावू? आणि मोठ्यांनी आधी हाक मारायची हा कुठला न्याय?

१६ फेब्रुवारी

संघटनेने बागेत टेबलं मांडली. वर कापडी पाटी, "मन मोकळं करा, फुकट". सगळे कार्यकर्ते रांगेत हसरी तोंडं करून. लोक येत होते आणि संडास कुठे आहे विचारत होते.

मला पत्रकं वाटायला दिली होती. एक बाई रडवेली दिसली. नवरा बोलत नाही म्हणे. मी म्हटलं, नशीब समज. ती हसली आणि गेली. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आजी, तुम्ही फक्त पत्रक द्यायचं. चांगुलपणाला किंमत नाही.

घुमी शेवटच्या टेबलावर होती. दिवसभर तिने माझ्याकडे बघितलं नाही. इतकी पक्की झाली आहे.

ठरवलं: ट्रेनिंग संपलं की नियम संपला. ती आपण होऊन घरी येईल. घरातला तिचा पलंग उन्हात टाकायचा.

२३ फेब्रुवारी

आमच्यात एक ड्रायव्हर आहे. जन्मभर बस चालवली, आता रिटायर. कार्ड हातात पडायच्या आधीच डोळे पुसतो. त्याला सरावाला घुमी मिळालीय. चहाच्या वेळी बघते तर दोघं बाकावर. ती हसत होती. त्याच्या बाहीचं बटण तुटलं होतं, ते तिने पिनेने जोडून दिलं.

ती गेल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणतो, "गोड पोरगी हो. तुमची ओळख आहे?"

मी म्हटलं, "ओळख दाखवायची नाही असा नियम आहे."

"माझ्याशी तर रोज बोलते."

"तुम्ही आधी हाक मारत असाल."

"छे हो, तीच मारते. काका म्हणते."

बस चालवणाऱ्या माणसाला नियम कळत नाहीत. सिग्नल तरी कळत होते की नाही देव जाणे.

२ मार्च

पलंग उन्हात टाकला. गादी जुनी झाली, पण आहे ठीक.

चष्मेवाली येत नाही. बाई म्हणाल्या, तिने सोडलं, तुमचं बोलणं फार लागलं तिला. मी म्हटलं, लागलं म्हणजे लागू पडलं. त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास घेतला. या लोकांना राग आला की श्वास घेतात.

पुन्हा सल्ला दिला तर तुमचं येणं बंद करू म्हणाल्या. ठीक. उद्यापासून तोंडाला कुलूप.

५ मार्च

दाढीवाल्या मुलाला एकच गोष्ट सांगितली, दाढी काढ. तो सल्ला नव्हता, सूचना होती.

१६ मार्च, रविवार

आज पोरांची परीक्षा. एकेक पोर, एकेक पेशंट, दार बंद. कार्डं पालथी घातलेली, आपण उचलायचं. माझ्या समोर दाढीवाला. दाढी आहेच अजून. कोपऱ्यात परीक्षक बाई, भिंतीसारख्या गप्प.

कार्डावर होतं: तुमची मुलगी काही वर्षांपूर्वी वारली. तुम्ही त्याबद्दल कुणाशी बोलत नाही.

मी म्हटलं, दुसरं द्या, हे कुणाला पटणार नाही. परीक्षक बाई म्हणाल्या, नको असेल तर खरंच बदलू. त्यांनी इतकं मायेने म्हटलं की मला राग आला. म्हटलं राहू दे, करते.

दाढीवाल्याने विचारलं, "कशी होती ती?"

मग मी जे काम केलं! असं सोंग नाटकात कुणाला जमायचं नाही. म्हटलं, आळशी होती. भांडी घासताना गायची, आणि गळा असा की शेजारी खिडक्या लावायचे. चप्पल नेहमी उलटी काढायची. पोर पोटात असताना सारखी म्हणायची, आई, मला बाबा भीती वाटते, तू धर हात, आणि मी म्हणायचे, हात धरायला वेळ नाही, कामं पडलीत. शेवटी आजारात पोरीची वेणी घालायला उठायची. हात थरथरायचे, भांग वाकडा यायचा. पोर झोपली की मी वेणी गुपचूप सोडून सरळ घालायचे. पोरगी सकाळी रडायची, आईचीच वेणी हवी म्हणून. वाकडीच हवी.

वेळ संपली तरी मी बोलतच होते. डोळ्यांत पाणीसुद्धा आणून दाखवलं. मागायच्या आत दाढीवाल्याने रुमाल पुढे केला. पास होणार पोरगा. माझ्यामुळे.

आणि एक. घुमी मागच्या वर्षी हेच विचारायची. आई कशी होती सांग ना आजी, सांग ना. रोजची कटकट. मी एकदा म्हटलं, काय सांगायचं, होती, गेली. त्याच संध्याकाळी तिने बॅग भरली. क्लास जवळ पडतो म्हणून.

आता तिला आयतं कळेल. दाढीवाला तिच्याच वर्गातला. डबा एकत्र खातात. आज ना उद्या सांगेलच, अगं तुझी आजी काय बोलली माहीत आहे? माझं काम झालं. तोंड न उघडता झालं म्हणायचं.

१७ मार्च

फोन नाही. परीक्षेचा थकवा असतो.

२० मार्च

फोन बिघडलाय का ते बघायला शेजारणीला लावायला सांगितला. वाजला. शेजारीण म्हणाली, "चालू आहे की." चालू आहे ते मलाही कळलं.

२३ मार्च, रविवार

दाढीवाल्याला गेटपाशी गाठलं. म्हटलं, सांगितलंस का रे घुमीला?

तो घाबरला. म्हणाला, "आजी, शपथ, कुणालाही एक अक्षर बोललो नाही. घरीसुद्धा नाही."

छाती पुढे काढून सांगत होता. परीक्षेत गुपित राखण्याचेच मार्क आहेत.

मी म्हटलं, "अरे गाढवा, ते सांगण्यासाठीच होतं."

"खोलीतलं खोलीतच राहतं, आजी."

"मी परवानगी देते. माझंच आहे ना?"

त्याने दाढी खाजवली. मग म्हणाला, "मग तुम्हीच सांगा ना तिला. ती आत आहे."

मी म्हटलं मला बस पकडायची आहे. बस अर्ध्या तासाने आली. स्टॉपवर बसायला जागा नव्हती.

३० मार्च, रविवार

सर्टिफिकेटांचा कार्यक्रम. ट्रेनिंग संपलं. नियमही संपला. तरी धोका नको म्हणून ठरवून गेले, आपणच आधी हाक मारायची. मोठेपणा कधीकधी वाकण्यात असतो. शाल नवी घेतली नाही, धुतलेली घेतली.

सगळ्या पोरांना टाळ्या. घुमीला जास्त. ड्रायव्हर तर उभा राहून वाजवत होता, नाक पुसत. घुमी खाली उतरली आणि मी हाक मारली. घुमे, म्हटलं. आवाज मोठा निघाला. तीन रांगा वळून बघायला लागल्या.

ती आली. म्हणाली, "कशा आहात आजी? बरं वाटलं तुम्ही आलात."

आहात. तुम्ही. लहानपणापासून मला अगं-तुगं करणारी पोर. तोंडावर तेच हसू, जे सगळ्या खुर्च्यांना वाटत होती.

मी म्हटलं, "बारीक झालीस." हेच तोंडातून आलं. सांगायचं ते सगळं ओळीने पाठ करून गेले होते.

ती म्हणाली, "हो का? काळजी घेते." मग कुणीतरी फोटोला बोलावलं. फोटोत ड्रायव्हर आहे.

फोटोची गडबड होती. नाहीतर बोललीच असती.

२ एप्रिल

संघटनेत गेले. तक्रार करायला की तुमच्या नियमाने पोरीचं डोकं इतकं भरलंय की ट्रेनिंग संपलं तरी सुटत नाही.

मुख्य बाईंनी दार लावलं. आज श्वास घेतला नाही. म्हणाल्या, "आजी, तो नियम पेशंटसाठी आहे. सरावाच्या लोकांना नाही. घरच्यांना तर नाहीच नाही."

मी म्हटलं, बरं.

म्हणाल्या, "तुमचं नाव आलं तेव्हा मी तिला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, येऊ द्या त्यांना. फक्त माझ्या खोलीत नको."

मी पुन्हा बरं म्हटलं.

मग कळलं, घुमीला दुसऱ्या गावच्या केंद्रात नोकरी लागली. काल गेली. सामान ड्रायव्हरने पोचवलं. त्याला फोन आला होता पोचल्याचा.

नवी नोकरी, सुरुवातीला वेळ नसतो, असं लिहायला घेतलं आणि खोडलं. वेळ असतो. ड्रायव्हरला फोन करायला होता.

पत्ता मागितला. बाई म्हणाल्या, तिला विचारल्याशिवाय देता येत नाही. पण निरोप देते. कागद घेतला. म्हणाल्या, सांगा आजी, जसं येईल तसं.

मी सांगितलं ते इथेही लिहून ठेवते, म्हणजे बाईंनी मधेच गोड केलं तर कळेल.

म्हणावं, आईबद्दल विचारत होतीस. मला माहीत आहे ते सगळं सांगते. कार्ड नको, खुर्च्या गोल नकोत. काम आवरून बसेन. तू रडलीस तर रडू देईन. मी रडले तर तू काही विचारायचं नाही.

बाईंनी लिहून घेतलं. म्हणाल्या, उत्तर आलं की तुम्हाला कळवते.

म्हटलं, अजिबात नाही. तुम्ही कळवायचं नाही, ड्रायव्हरने आणायचं नाही, दाढीवाल्याला तर विचारूही नका. हो असो, नाही असो, उत्तर तिने तिच्या तोंडाने द्यायचं. मला.