काल्नबेर्झीच्या बर्चचा रस

एप्रिल १९५७

प्रिय इल्मार,

तुझं पत्र येऊन महिना उलटला. लगेच उत्तर लिहायचं म्हणून कागद काढून ठेवला होता, पण तेवढ्यात रस सुटला आणि मग मान वर करायला फुरसत मिळाली नाही. बर्चचं झाड काही आपल्या सवडीनं चालत नाही, हे तुला मी सांगायला नको. कळ्या फुगल्या की खेळ खलास. तुझ्यामाझ्यामधे हे पत्र आणखी कोणी उघडून वाचणार असेल, तर त्यानंही खुशाल वाचावं. झाडं, बादल्या आणि शेजारपाजार यांच्यापलीकडे त्याला यात काही सापडायचं नाही.

यंदा बर्फ फार रेंगाळलं. टिटव्या आल्या, चंडोल आले, तरी ओढ्याकडचा उतार पांढराच. मी रोज सकाळी गोठ्यात जायच्या आधी तुमच्या काल्नबेर्झीच्या शेतातल्या झाडांकडे एक चक्कर मारायची आणि एखादी डहाळी मोडून बघायची. एके दिवशी मोडल्या जागी थेंब जमला, लोंबला, आणि तो पडायच्या आत मी जीभ पुढे केली. तुझे बाबा, म्हणजे आम्हा शेजाऱ्यांचे ऑगस्तकाका, पहिला थेंब चाखून दरवर्षी एकच वाक्य बोलायचे, आठवतं? "पाणीच आहे, पण चांगल्या घरचं." मी तेच मोठ्यानं म्हटलं. ऐकायला एक सुतार पक्षी होता फक्त.

मग घरी येऊन गिरमिट काढलं, लाकडी पन्हळी उकळत्या पाण्यात टाकल्या, बादल्या घासल्या. भोक कुठे पाडायचं, किती खोल जायचं, यावरून आपले दोघांचे किती वाद व्हायचे. तुला नेहमी आणखी आत जायची घाई. काका तुझ्या हातातून गिरमिट काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "अरे, झाडाला तहान लागलीय का आपल्याला? मग बेतानं." आता ते गिरमिट माझ्याकडे आहे. मूठ ढिली झाली होती, ती मी बसवून घेतली.

आणि राय धान्याच्या पोकळ काड्या. एकाच भोकाला दोघांनी दोन काड्या लावायच्या आणि ओढायचं. कपाळावर कपाळ आपटायचं. तू मला दटावायचास, "हळू पी, झाड सुकेल," आणि स्वतः मात्र गाल आत जाईपर्यंत ओढत बसायचास. लांबून काका ओरडायचे, "पोरांनो, थोडं बादलीतही पडू द्या." शनिवारी तुझी आई, माझी मिल्दाकाकू, तो रस कोमट करून माझे केस धुवायची. "झेल्मे, बघ, वेणी कशी कंबरेखाली जाते ते." वेणी काही खांद्याखाली उतरली नाही. काकूला सांग, तक्रार नाही, नुसतं कळवतेय.

तू विचारलं आहेस म्हणून घराबद्दलही खरं तेच लिहिते. लिहू की नको असं करत दोन दिवस घालवले. तुमच्या पुढच्या खोलीत आता सामुदायिक शेतीची वासरं बांधतात. चूल पडली. खिडक्यांना फळ्या ठोकल्यात. माळ्यावर गवत भरलंय. बर्चची रांग मात्र ओढ्याच्या बाजूनं शाबूत आहे. वरच्या अंगाची झाडं एका हिवाळ्यात जळणासाठी गेली. मी आणि आई तेव्हा दोन दिवस घराबाहेर पडलो नाही, कुऱ्हाडीचा आवाज ऐकू येत होता. पण उरलेली अशी जोमानं वाढलीत की एका झाडाला तर माझी मिठी पुरत नाही.

त्या सकाळबद्दल आपण एकमेकांना कधी काही लिहिलं नाही. आज लिहिते. आठ वर्षांपूर्वीच्या त्या मार्चमधे रस लवकर सुटला होता, खाली बर्फ असतानाच. मी शाळेच्या वाटेनं न जाता तुमच्या झाडांकडे वळले होते आणि आपण दोघं बादल्या उतरवत होतो. मोटारीचा आवाज आला. ट्रक अंगणात शिरला, बंदुका घेतलेली माणसं उतरली. झाडांच्या आडून आपल्याला सगळं दिसत होतं आणि आपण त्यांना दिसत नव्हतो. काकू पिठाच्या हातांनी दारात आली. काका काहीतरी विचारत होते, त्यांना कोणी उत्तर देत नव्हतं. मी तुझी बाही धरली. "ओढा ओलांड," मी म्हटलं, "पलीकडे जंगल आहे. कोणाच्या बापाला सापडणार नाहीस." तू हललाही नाहीस. मग त्यांनी काकूला दंडाला धरून वर चढवलं, तिचा पाय घसरला, आणि तू हातातली बादली खाली ठेवलीस. टाकली नाहीस, ठेवलीस, सांडू नये अशी. "बाकीच्या तू उतरव," म्हणालास आणि पायवाटेनं घराकडे चालत गेलास, कोणी जेवायला हाक मारल्यासारखा.

ट्रक गेल्यावर मी किती वेळ उभी होते माहीत नाही. गाय हंबरायला लागली तेव्हा भानावर आले आणि पळत आईला बोलवून आणलं. मी रडत होते. आई म्हणाली, "रडायचं नंतर. आधी गाय पिळू, मग रस." त्या दिवसापासून रस संपेपर्यंत आम्ही दोघी रोज तुमच्याकडे जात होतो. शेवटी एकेका भोकात खुंटी ठोकली, वर चिकणमाती लिंपली. सगळा रस आमच्या तळघरातल्या पिंपात घातला, काकू घालायची तशाच काळ्या बेरीच्या झुडपाच्या डहाळ्या आणि मूठभर बेदाणे टाकून. आई म्हणाली, उन्हाळ्यापर्यंत येतील. मला ते खरं वाटलं होतं. तिलाही वाटलं असावं.

उन्हाळा आला, गवताची कापणी आली, तुम्ही आला नाहीत. रस आंबून तयार झाला होता, आणखी ठेवला असता तर आंबट शिरका झाला असता. आईनं घागर भरली आणि कुरणात नेली. आसपासच्या घरांतली माणसं कापणीला होती, सगळे घामाघूम. म्हातारे यानिसआजोबा पुढे झाले, त्यांनी वाडगा हातात घेतला आणि विचारलं, "कुणाकडचा?" आई म्हणाली, "काल्नबेर्झीचा." आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली, वाडगा संपवला, टोपी पुन्हा घातली आणि विळा उचलला. त्यांच्यामागून प्रत्येकानं तसंच केलं. तुमचं नाव घ्यायची कोणाची छाती नव्हती त्या दिवसांत. पण टोप्या सगळ्यांनी काढल्या. काकांना हे कधी कळवता आलं नाही याचं मला फार वाटतं. दुसऱ्याच हिवाळ्यात ते तिकडे हद्दपारीतच वारले, आणि तिथे कोणी टोपी काढायला होतं की नाही, तेही तू लिहिलं नाहीस.

दरवर्षी तेच पिंप भरत आलोय आम्ही. यंदा भरलं नाही. जेवढा रस निघाला तेवढा वाटून टाकला. शाळेत दिला, दूधकेंद्रातल्या बायकांना दिला, यानिसआजोबांच्या सुनेला दोन मोठे कॅन दिले. ती म्हणाली, "का ग, तुमचं पिंप फुटलं की काय?" मी म्हटलं, हो, गळतंय. गायही शेजारच्या मार्टाकडे दिली. आईचं वय झालंय, लिझामावशीला सोबत हवी आहे, तेव्हा आई मे महिन्यापासून मावशीकडे राहायला जाणार. मावशीच्या घरी तिला स्वतःची खोली आहे आणि भांडायला हक्काचं माणूस आहे, त्यामुळे ती खुशीत आहे.

रुदोल्फ तुला आठवत नसेल, तो नंतर आला आमच्याकडे. ट्रॅक्टर चालवतो, माणूस चांगला आहे, पीत नाही. यंदा चिखल फार म्हणून रसाचे कॅन त्यानं घसरगाडीवरून आणून दिले. शेवटच्या खेपेला म्हणाला, "झेल्मा, किती वर्षं झाडांशीच बोलत राहणार आहेस?" मी म्हटलं, झाडं मधेच तोंड घालत नाहीत. तो हसला. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "मला घर मिळतंय नवं. दोन खोल्या. तू हो म्हणालीस तर बरं होईल." मी नाही म्हटलं. "तो यायचा नाही," रुदोल्फ म्हणाला. मी म्हटलं, माहीत आहे. गेला बिचारा. पण दुसऱ्या दिवशी भोकांना ठोकायच्या खुंट्या तासून दाराशी ठेवून गेला, सगळ्या एका मापाच्या. असा माणूस कोणाला तरी मिळायला हवा. मी मार्टाच्या बहिणीचं नाव त्याच्या कानावर घातलंय.

आता तुझ्या पत्राबद्दल. ते मी ओढ्याकाठी बसून वाचलं. हद्दपारीतून सुटकेचा कागद हातात आला, पण काकूला उठून बसायलाही दोघांचा आधार लागतो, एवढा प्रवास ती सोसणार नाही, म्हणून तू तिथेच राहायचं ठरवलंस. हे सगळं तू चार ओळींत लिहिलंस. पुढची सगळी पानं मात्र मला समजावण्यात घालवलीस, की मी तुझी वाट बघू नये, चांगला माणूस बघून संसार थाटावा, अमुक करावं, तमुक करावं. ती पानं मी एकदाच वाचली. त्या सकाळी तू ओढा ओलांडला असतास तर आज मी तुला ओळखलं नसतं, इल्मार. तेव्हा तू आईपाशी गेलास, आताही तिच्यापाशी राहतोयस. यात माझी समजूत कसली घालायची?

सांगायचं होतं ते एवढंच, की मी तुझं ऐकलंय. वाट बघणं सोडलंय. मी येतेय. सामुदायिक शेतीच्या अध्यक्षांनी माझा अर्ज तीन वेळा परत केला. चौथ्यांदा म्हणाले, "लोक तिकडून लाटव्हियाकडे येतायत आणि तू उलटी निघालीस? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" मी म्हटलं, आहे, म्हणून तर निघालेय. शेवटी वैतागून सही केली. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि नवव्या दिवशी लोकरीच्या मोज्यांची चळत माझ्या अंथरुणावर ठेवून म्हणाली, "मिल्दाला माझा नमस्कार सांग, आणि तिचं सगळं नीट कर. ती तुला जड जायची नाही." काकूला हे तूच आधी सांग, तिला एकदम धक्का नको. दया येऊन निघालेय असं तिनं समजू नये, आणि तूही समजू नकोस. मला तू हवा आहेस, आणि तू तिथे आहेस, एवढंच. तुमच्याकडे थंडी उशिरापर्यंत असते, तेव्हा तिथल्या बर्चचा रस अजून सुटला नसेल. मी तोवर पोचेन. हे पत्र मी मुद्दाम निघायच्या आदल्या दिवशी टाकतेय, कारण तू लगेच "येऊ नकोस" असं लिहिशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. लिही खुशाल. ते पत्र इथे येईल तेव्हा घराला कुलूप असेल.

तुझीच,
झेल्मा