धुतलेलं गोदाम

तीर्थस्वरूप एमेटमामांस,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते. पण तुमच्यासारख्या बाप्टिस्ट पाळकासमोर पालथी पडलेली भाची, त्यातून ती दारूच्या भट्टीवर कामाला, लोकांनी भलताच अर्थ काढला असता. तेव्हा नमस्कार उभ्यानेच. तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या टोमॅटोंना यंदा कीड लागली नाही ना? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे आई बाबांशी बोलत नाही आणि मी दोघांशीही. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकताच तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना सुरू करता, आणि प्रार्थनेत मध्येच बोलणं मला जमत नाही. म्हणून हे पत्र.

बाबांनी आमच्या भट्टीचं नाव कॉपर फोर्क व्हिस्की मार्गात लागावं म्हणून अर्ज केला आहे, हे तुमच्या कानावर आलंच असेल. (आलं नसेल तर तुमच्या मंडळीतल्या बायका आळशी झाल्या आहेत.) हा मार्ग म्हणजे खोऱ्यातल्या भट्ट्यांना जोडणारा रस्ता. रस्ता पूर्वीही होता, त्यावरून गाई जात. आता बस जाते. बसमधून खांद्यावर रेशमी पट्टे लावलेल्या होणाऱ्या नवऱ्या आणि त्यांच्या मैत्रिणी उतरतात, मागून त्यांचे काका उतरतात, आणि प्रत्येकाच्या हातात एक पुस्तिका असते. दर भट्टीवर तिच्यात शिक्का मारून घ्यायचा. सगळे शिक्के झाले की एक टोपी फुकट. त्या टोपीपायी ही माणसं पेला नाकाशी धरून डोळे मिटतात आणि सांगतात, की वास जुन्या खोगिराचा येतो. जन्मात कधी खोगिराजवळ गेलेली नसतात. वाट चुकून आमच्याकडे आलेल्या अशा एका गृहस्थांना मी सांगितलं, की तुम्हाला येतो तो वास इथिल ॲसिटेटचा, नखांचा रंग पुसायच्या द्रवातही तोच असतो. तेव्हापासून बाबांनी मला पाहुण्यांसमोर यायची बंदी केली आहे. मला ती सोयीची आहे.

पण नाव लागायला हवं, हे मलाही मान्य करावं लागतं. बस आमच्या फाट्यावरून वळत नाही तोवर आमच्याकडे कुत्रंही येत नाही. यंदा नाव लागलं नाही तर गोदाम पिंपांसकट लुइव्हिलच्या एका मोठ्या कंपनीला देऊन टाकायचं, असं बाबांनी ठरवलं आहे. त्यातली काही पिंपं मी शिकून परत आल्यावर स्वतः गाळलेली, माझी पहिली. ती अजून कोणी चाखलेली नाहीत. कंपनी ती दुसऱ्या कशात तरी ओतेल आणि बाटलीवर घोड्याचं चित्र लावेल. (यावर मला अधिक काही लिहायचं नाही.)

आता टॉलिव्हरचं प्रकरण, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. आमच्या अलीकडच्या वळणावर ज्याची भट्टी आहे तोच टॉलिव्हर. त्याची तांब्याची भट्टी कधी तापलीच नव्हती. आत दिवा लावला होता, म्हणजे चमकते बरी. माल परराज्यातून टँकरने यायचा. भिंतीवरचे मिशाळ पणजोबा जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेले. एवढंही मार्गाच्या समितीने खपवून घेतलं असतं. पण त्याने गोदामाच्या भिंतींना काळा रंग फासला, आणि तिथे फसला. व्हिस्की मुरते तिथल्या भिंती काळ्या पडतात, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पिंपातून जी वाफ उडून जाते तिला भट्टीवाले पाहुण्यांसमोर 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. देवदूत दारू पीत नाहीत, असं तुमचं मत आहे आणि ते बरोबर आहे. ती बुरशी पिते. भिंतीवर, कुंपणावर, झाडांच्या सालीवर तिची काळी साय धरते, आणि ती धरायला वर्षं लागतात. म्हणून टॉलिव्हरनंतर समितीच्या अध्यक्षा विनोना क्रॅबट्री प्रत्येक नव्या अर्जदाराची भिंत स्वतःच्या नखाने खरवडून बघतात.

त्या येण्याच्या आधी मी नमुने तपासून आणायला लेक्सिंग्टनला गेले होते. परत आले तर गोदाम पांढरं होतं.

तुमच्या बहिणीचा पराक्रम. "पाहुणे यायचेत आणि भिंतींचा हा अवतार? एमेटची बहीण घाणीत राहते म्हणतील!" असं म्हणून तिने भाड्याने फवाऱ्याचं यंत्र आणलं आणि गोदाम धुतलं. मग कुंपण धुतलं. मग अक्रोडाचे बुंधे साबण लावून घासले. (झाडांना साबण लावणारी बाई तुमच्याच घरात वाढली आहे, याची नम्रपणे आठवण करून देते.) बाबा शिडी धरून उभे होते. जन्म दारूत गेलेल्या माणसाला हे कळायला नको का, असं मी विचारलं. "तू तुझ्या आईला एकदा नाही म्हणून दाखव," एवढाच त्यांचा बचाव.

क्रॅबट्रीबाई आल्या. भिंतीला नख लावायला हात पुढे केला आणि तसाच धरून राहिल्या.

"ड्युई, काळं कुठाय?"

"धुतलं," बाबा म्हणाले.

"धुतलं?"

"हिने."

"मागची बाजू बघा ना," आई म्हणाली. "तिथे तर ह्याहून घाण होती!"

मी लेक्सिंग्टनहून आणलेले नमुन्यांचे आलेख पुढे केले. बाईंनी ते हातातही घेतले नाहीत. "पोरी, कागद टॉलिव्हरकडेपण होते. तुझ्याहून रंगीत होते." मी पिंपं दाखवली, तर पिंपं भरलेली विकत मिळतात, हे त्यांनी मला ऐकवलं. एवढी यंत्रं, एवढं शिक्षण, आणि माझी साक्ष द्यायला एक बुरशी हवी. नाइलाजाने लिहिते, की बाईंचंच बरोबर आहे. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच मागितलं असतं, फक्त नखाऐवजी सूक्ष्मदर्शक वापरला असता. जाताना म्हणाल्या, "गुरुवारी परत येते. वाऱ्याच्या दिशेला कुठे खरं काळं उरलं असेल तर दाखवा. नाहीतर पुढल्या वर्षी बघू." पुढलं वर्ष नाही, हे बाबांनी त्यांना सांगितलं नाही. तेवढा ताठा त्यांच्यात आहे. अक्कल असती तर ताठ्याची गरज पडली नसती.

असो. तुमच्याकडे काही मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. केवळ खुशाली कळावी. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
लीटा स्टॅलर्ड

ता. क. आमच्या गोदामावरून जाणाऱ्या वाऱ्याच्या नेमकं वाटेत तुमचं चर्च येतं. त्याची आमच्याकडची भिंत पायापासून कौलांपर्यंत काळी आहे, आणि तुमची मंडळी ती बुधवारी घासून रंगवणार आहेत, असं कळलं. ती शुक्रवारी रंगवावी. शिडी मी धरीन.

आणखी एक ता. क. बाई तुम्हाला प्रश्न विचारतील. खोटं बोलू नका. तुम्हाला ते येत नाही, आणि खोऱ्याला हे माहीत आहे, म्हणून तर. ईस्टरच्या प्रवचनात तुम्ही म्हणालात, की ड्युई स्टॅलर्डच्या गोदामातून निघणारा सैतानाचा श्वास देवाच्या घराला वर्षानुवर्षं काळं फासतो आहे. तेच म्हणा. त्याच आवाजात, बोट आमच्याकडे रोखून. एकही शब्द बदलू नका. इतकी चांगली शिफारस आम्हाला दुसरं कोणी देणार नाही.

शेवटचा ता. क. भट्टी चालू असताना मला हलता येत नाही आणि बाबांना तुमच्या उंबऱ्याला मज्जाव आहे, म्हणून पत्र आईबरोबर चर्चवरच पाठवते आहे. यात काय लिहिलं आहे ते तिला सांगितलेलं नाही. फवाऱ्याचं यंत्र परत करायचं म्हणून तिने गाडीतच घेतलं आहे. तुम्ही हे वाचताय तोवर ती बाहेर एकटीच आहे. उठा.