अठ्ठावीस तारखेचं कार्ड

सोमवार, ३ तारीख

लागली एकदाची नोकरी! सकाळपासून ताईला तीनदा सांगून झालं, तरी तिचा विश्वास बसत नाही. तिचंही काही चुकत नाही म्हणा. चार वर्षांत मी फुलांच्या दुकानात होते, लोकांची कुत्री फिरवली, एका बोटीच्या कॅन्टीनमध्ये बशा विसळल्या, मोजे विकले, आणि सगळीकडून दोन-तीन महिन्यांत चालू पडले. उगाच नाही ती मला भिंगरी म्हणत. आता तीन आठवडे तिच्याच बाहेरच्या खोलीत गादी टाकून पडले आहे. तिने अट एकच घातली: ही नोकरी वर्षभर तरी सोडायची नाही. मी गळ्याशपथ म्हटलं. ती म्हणाली, गळा तुझा धर, माझा नको.

पदाचं नाव ट्रॅफिक कोऑर्डिनेटर. ताईला वाटलं मी चौकात शिट्टी फुंकत उभी राहणार. खरं सांगायचं तर मुलाखतीपर्यंत मलाही नीट माहीत नव्हतं. लहानशी जाहिरात एजन्सी आहे, माझ्यासकट पाच माणसं. क्लायंटचं काम आलं की त्याचं एक कार्ड बनवायचं आणि भिंतीवरच्या बोर्डावर लावायचं. बोर्डाला सहा रकाने: आलेलं, लेखन, मांडणी, तपासणी, मंजुरी, झालं. कार्ड डावीकडून उजवीकडे नेत राहायचं, आणि ज्याच्या रकान्यात ते अडकेल त्याच्या मानगुटीवर बसायचं. लोकांच्या मागे लागायचा पगार! माझ्यासाठीच काढलेलं काम.

जाहिरातही तशीच होती. ‘अनेक ठिकाणी काम केलेली, कुत्र्यांना न घाबरणारी’ असं त्यात लिहिलं होतं. ऑफिसात कुत्रं काही दिसलं नाही. विचारायचं राहून गेलं.

मंगळवार, ४ तारीख

माणसं चांगली आहेत. मालकिणीला सगळे बाई म्हणतात. बोलतात कमी, बघतात जास्त. लेखक दिवसभर पेन्सिल चावतो आणि मग टोक गेलं म्हणून चिडतो. मांडणी करते ती हेडफोनवाली, तिला हाक मारून उपयोग नाही, टेबल वाजवावं लागतं. तपासणीला काका आहेत. चाळीस वर्षं प्रुफं वाचून त्यांची मान कायमची डावीकडे कलली आहे. मी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं तर त्यातही चूक शोधत असल्यासारखे थांबले, मग हसले.

बाईंनी नियम दोनच सांगितले. तारखेशिवाय कार्ड हलवायचं नाही, आणि एकदा पडलेली तारीख चुकत नाही. आजवर इथे एकही चुकलेली नाही, असं त्या म्हणाल्या. अभिमानाने नाही, स्वतःचा रक्तगट सांगावा तसं.

दुपारी बोर्ड आवरला. ‘आलेलं’च्या अगदी कोपऱ्यात एक कार्ड होतं: ‘काम: ट्रॅफिक कोऑर्डिनेटरची जागा भरणे.’ तारीख कोरी. मला हसू आलं. अहो, भरली की जागा! मी बसलेच आहे तिथे. काढायचं विसरले असतील. सरळ ‘झालं’मध्ये नेऊन लावावं म्हटलं, पण तारखेशिवाय हलवायचं नाही, म्हणून महिन्याचा शेवटचा शुक्रवार टाकला. २८. तेवढ्यात खिडकीबाहेर दोरीला लोंबकळत एक काचा पुसणारा उतरला. चौथा मजला! मी खिडकी उघडून त्याला भीती वाटते का विचारलं. तो म्हणाला, उंचीची नाही वाटत, वरच्या माणसाला दोर बांधला का हे विचारायचं राहिलं की वाटते. मग त्याच्या मेहुण्याच्या लग्नापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं ऐकलं. अर्धा तास गेला. कार्ड राहिलंच.

सोमवार, १० तारीख

आठवडा झाला आणि मला अजून कंटाळा आलेला नाही, याची नोंद व्हावी. एकतीस कार्डं पार लावली. साबणवाल्या क्लायंटने फोनवर माझं कौतुक केलं. ताई दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायला बसते; ती आल्यावर आम्ही दोघी पाय वर करून दिवसभराच्या लोकांच्या नकला करतो. चष्मा केसांत खोचून ती तोच चष्मा घरभर शोधत होती. मी सांगितलं नाही. दहा मिनिटं मजा घेतली, मग धपाटा खाल्ला.

ते जुनं कार्ड ‘लेखन’मध्ये गेलं आहे. बाईंनी हलवलं असेल.

बुधवार, १२ तारीख

लेखकाने त्या कार्डाचा मजकूर माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, हे काम नाहीच, चुकून राहिलंय. तो म्हणाला, तारीख पडली होती म्हणून लिहिलं. मजकूर असा:

‘हवी: एकाच ठिकाणी नऊ वर्षं टिकलेली. आवाज न चढवता समोरच्याला गप्प करणारी. कोरी जागा न ठेवणारी. केसांत खोचलेला चष्मा घरभर शोधणारी.’

मी हसले. मग हसायची थांबले. ताईला दातांच्या दवाखान्यात मेमध्ये नऊ वर्षं झाली. लेखकाला विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? त्याला माझ्या बहिणीबद्दल काहीच माहीत नाही. शेवटची ओळ विचित्र वाटली म्हणून तो दोनदा खोडायला गेला, पण पेन्सिल तिथे उमटेना, असं तो म्हणाला. आणि चेष्टा करत नव्हता.

शुक्रवार, १४ तारीख

बाईंकडे गेले. जागा भरलेली आहे, मी भरली आहे, ते कार्ड रद्द करा म्हटलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. विचारलं, तारीख कुणी घातली? मी म्हटलं, मीच. मग झालं तर, म्हणाल्या, आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

कार्ड काढून चार तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. इतकं साधं होतं. उगाच घाबरले.

सोमवार, १७ तारीख

कार्ड ‘मांडणी’मध्ये आहे. अखंड. २८ माझ्याच अक्षरात, माझा तो पोट सुटलेला ८.

हेडफोनवालीने मांडणी दाखवली. माझं टेबल, माझा कप, मागे खिडकी, आणि मधे रिकामी खुर्ची. फोटो कधी काढलास विचारलं. आज सकाळी अकराला. अकराला मी त्या खुर्चीत बसून साबणवाल्याशी फोनवर बोलत होते. तिला हे सांगायला टेबल वाजवलं. एकदा, दोनदा, पाचदा. तिने हेडफोन काढलाच नाही.

बुधवार, १९ तारीख

‘तपासणी.’ काकांच्या पाया पडायचंच बाकी राहिलं. चूक काढा, काहीही काढा, कार्ड मागे पाठवा. तारीख चुकली तर सगळं मोडेल असं मला वाटतं. त्यांनी भिंग लावून दोन तास तो इवलासा मजकूर वाचला. घाम फुटला त्यांना. शेवटी म्हणाले, चाळीस वर्षांत निर्दोष प्रूफ पाहिलं नव्हतं पोरी, आज पाहिलं.

मग त्यांनी खालच्या कपाटातून एक फाइल काढली. त्यात याच जागेच्या जाहिराती, सतरा. सतरावी माझी, कुत्र्यांना न घाबरणारी. प्रत्येकीला तिचं कार्ड टाचलेलं, आणि प्रत्येक कार्डावरची तारीख वेगळ्या अक्षरात. म्हणजे ज्याने त्याने आपल्या हाताने घातलेली. सतरावी तारीख, माझ्या आधीच्या माणसाने घातलेली, मी रुजू झाले त्या दिवसाची आहे. कोण होतं विचारलं. काका बराच वेळ आठवत राहिले. एकही चेहरा आठवत नाही, म्हणाले, आणि रडू लागले.

मग डोळे पुसून त्यांनी मला विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात?

गुरुवार, २० तारीख

ताईचा दवाखाना बंद होतोय. डॉक्टर गाव सोडून चालले. नऊ वर्षं, आणि आठ दिवसांची मुदत. ताई उगाचच भांडी घासत बसली, घासलेलीच. मी तिला सगळं सांगितलं, कार्ड, फाइल, सगळं. ती हं हं करत होती. मधेच म्हणाली, तू मोठी झालीस गं, निदान तुझी तरी नोकरी आहे.

शपथ घ्यायला लावली, ती जाहिरात दिसली तरी जायचं नाही. तिने घेतली. हसली थोडीशी.

शुक्रवार, २१ तारीख

‘मंजुरी.’ बाईंनी सही केली. मी खुर्चीत होते. लेखकाने येऊन त्याची बॅग माझ्या मांडीवर ठेवली आणि गेला.

बॅगेचं वजन मला लागलं. माझं त्याला लागलं नाही.

रविवार, २३ तारीख

सकाळीच पेपर उचलून जिन्याखाली टाकला. दहा वाजता ताईच्या मैत्रिणीचा फोन. ताई खाली जाऊन पेपर घेऊन आली. जाहिरात मोठ्याने वाचली. चष्म्याच्या ओळीला इतकी हसली — गुरुवारपासून पहिल्यांदाच. अगदी माझ्यासाठीच काढल्यासारखी आहे, असं मैत्रिणीला सांगत होती.

मी म्हटलं, ताई, शपथ घेतलीस तू. तिने मान वर केली, खोलीभर पाहिलं. मग माझी गादी गुंडाळून कपाटात ठेवली. पाहुणे येऊन गेल्यावर ठेवतात तशी.

सोमवार, २४ तारीख

पिशवी भरली. स्टँडवर जाऊन बसले. चार वर्षं हेच तर केलं, उठायचं आणि जायचं, मागे बघायचं नाही. पहिली गाडी गेली. दुसरी गेली.

मी गेले तर खुर्ची मीच रिकामी केल्यासारखं होईल. ताई आयतीच बसेल. आयुष्यात पहिल्यांदा कुठून तरी हलू नये असं वाटतंय.

परत आले. दार ताईने उघडलं नाही. शेजारीण आमच्याकडून बाहेर पडत होती, ती गेल्यावर दार लागायच्या आत शिरले.

मंगळवार, २५ तारीख

एकच कप. एकच ताट. शेजारणीला सांगत होती — एकटीला घर फार मोठं वाटतं हो.

मी ओरडले. घसा बसेपर्यंत. ती खिडकी लावायला उठली. वारा आहे म्हणाली.

बुधवार, २६ तारीख

मुलाखत. ताईने निळा शर्ट घातला होता. बाईंनी एकच प्रश्न विचारला, कधीपासून येता. ताईने विचारलं, आधी इथे कोण होतं. जागा बरीच वर्षं रिकामी आहे, असं लेखक म्हणाला. खोटं नव्हतं त्याच्या तोंडावर.

काकांचा दंड धरला. चिमटा काढला. त्यांनी बाही झटकली —

ताई जाताना आनंदात होती. जिन्यात गुणगुणत होती. मी तिच्या मागे, एक पायरी सोडून —

गुरुवार, २७ तारीख

बोट कार्डाला लागत नाही. कागद हाताला येत नाही. हे पेन येतं अजून, ही वही येते. का, माहीत नाही.

‘आलेलं’च्या कोपऱ्यात नवं कार्ड लागलंय. तेच काम. तारीख कोरी.

ताई कोरी जागा ठेवणारच नाही. दुसऱ्यांची अर्धवट शब्दकोडी भरते ती. पहिल्याच दिवशी घालेल तारीख. मग तिला कोण — तिला आठवायला मीसुद्धा —

घरी तिने उद्याचे कपडे इस्त्री केले. डबा पुसून ठेवला. मी तिच्या पायाशी बसले होते. तिचा पाय माझ्या हातावर होता. दुखला. बरं वाटलं.

शुक्रवार, २८ तारीख

सातला येऊन बसले खुर्चीत. उठायचं नाही. खुर्ची रिकामी नसेल तर काम होणार नाही. काम झालं नाही तर तारीख चुकेल. एकदाच चुकू दे.

पाय खुर्चीच्या दांड्यांत अडकवलेत. डावा हात पट्ट्याने बांधला.

नऊ वाजले. बाई आल्या. काका.

लिफ्ट —

तिचाच आवाज. सगळ्यांना नमस्कार करतेय. लेखकाला हसवलंसुद्धा. बाईंनी बोट दाखवलं. इकडे.

ताई. ताई मी इथे आहे. ताई बघ ना

थांबली. माझ्याकडे बघतेय. माझ्या तोंडाकडे. ओठ हलले तिचे, भिं

नाही. खुर्ची झटकली हाताने. माझ्या छातीवरून, मांडीवरून, धूळ झटकावी तशी —

वळली. पाठ.

नको ताई, बसू नको, मी अजून खाली