तुझ्या ताईचं तेल आणि माझी टाकी

रामवाडी, पेण
पौष, थंडी पुष्कळ

चि. काळुराम यास जगनभावोजींचे आशीर्वाद,

तुझी कंबर आता कशी आहे? रोह्याला थंडी कितपत? तुझी ताई तिकडे नीट जेवते का, हे विचारणार नव्हतो, पण विचारून झालं. माझं म्हणशील तर जगतो आहे. (शेजारची पूजा डबा देते, आणि डब्याबरोबर उपदेशही.)

ती टाकी आठवते ना? तुमच्या रोह्याशेजारच्या धाटावला, भंगारवाल्याकडे तुझ्याच देखत घेतली. कुठल्याशा कंपनीत जन्मभर कोंडलेली हवा सांभाळून निवृत्त झालेली, पोटावर गंज, आंब्याखाली एकटी उभी. मला चौथीच्या पुस्तकातला म्हातारा वड आठवला, डोळे भरून आले, आणि तू टेंपो बोलावलास. (म्हणजे पापात तुझाही वाटा आहे.) ताईच्या खोबरेलाचे पत्र्याचे डबे दरसाल गळतात, जिने एवढा दाब सोसला ती आपल्या चार माडांचं तेल सोसणार नाही का, असा माझा विचार. उकळत्या पाण्याने धुतली, अंगणात गडगडवली, आडवी ठेवून खाली नळ बसवून घेतला आणि वर्षाचं सगळं तेल तिच्यात ओतलं. पहिली धार पडली तेव्हा मी ओळ रचली, ‘लोहाच्या उदरी निजले माडांवरले ऊन’. ताईने केसांना तेल चोळत ती पुरती ऐकली. लग्नानंतर प्रथमच.

मग पौष लागला. खोबरेल थंडीत थिजतं हे कोकणातलं शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणतो, पण टाकी घेतली तेव्हा चैत्र होता. डब्यातलं थिजलेलं तेल पळीने खरवडता येतं. टाकीचं तोंड वाटीएवढं, नळ गच्च, आणि आत वर्षाचं तेल म्हणजे पांढराशुभ्र दगड. ताई म्हणाली, “अवो, या नळातून तेल नाय, तुमची कविताच येल.” तरी बिचारीने वरून तुमच्या आईची पितळी पळी घातली, ती हातून सुटली. मी घाईघाईने खाली पेंढा पेटवला. तेल वितळलं, पळी डुबुककन तळाला गेली, आणि पूजा ओरडली, “काका, फुटली तं आख्खी आळी जाईल!” आळीने बादल्या ओतल्या. तेल पुन्हा थिजलं, आता पळीसकट.

ताई रागावली असती तर समजूत काढता आली असती. तिने पिशवी भरली. आईची तेवढी एकच वस्तू तिच्याकडे होती. कोरड्या केसांची वेणी घालून एसटीत बसली.

मी तिला बोलावत नाही. तिने सावकाश राहावं. इथे कशी शांतता आहे.

तुझा,
जगनभावोजी

ता. क. तिला सांग, टाकी विकली.

ता. क. विकली नाही. भंगारवाला म्हणतो, आधी रिकामी करा.

ता. क. अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताचं आहे. दुपारी तेल जरा मऊ झालं, म्हणून उजवा हात दंडापर्यंत आत घातला आणि पळी सापडली. मूठ सोडली तर हात निघतो, पण पळी पुन्हा खाली जाते. पूजा सारखी म्हणते, “काका, सोडा ना ती!” मी सोडलेली नाही. तिचा नवरा हितेश धाटावला शिफ्टला निघालाय, त्याच्याकडे हे देतो. शिफ्ट सुटली की ताईला त्याच्या गाडीवर बसव. तिचा हात बारीक आहे. तोवर मी धरून ठेवतो.