ही फाईल बाई यांच्या वापरात आहे

बाई, आज दुपारी मी वेळापत्रकाच्या फाईलवरून तुमचं नाव काढलं. काम बघायला गेलं तर एका बटणाचं होतं. ते करायला मला इतकी वर्षं का लागली, हे तुम्हाला सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो हसेल. तुम्हीही हसला असता, पण ऐकून घेऊन मग हसला असता.

आधी तुमचा क्लास आठवतो. कळंबच्या अडतीमागचं ते लांबोडकं पत्र्याचं दुकान, ओळीनं मांडलेली टाइपरायटरं, आणि तूर भरायच्या दिवसांत दारातून आत येणारी धूळ. त्या धुळीपायी तुमचा एकच नियम होता. उठताना मशीनवर कव्हर घालायचं. बोटं चुकली तर तुम्ही नुसतं कागदावर पेन्सिलीनं गोल करायचात, पण कव्हर राहिलं तर सगळ्या क्लाससमोर बोलायचात. मी गावाहून एसटीनं यायची आणि संध्याकाळच्या गाडीवर माझा अर्धा जीव असायचा. एके दिवशी गाडीची वेळ झाली म्हणून मी तशीच उठून पळाले. कोपऱ्यावर पोचते तर मागून तुमचा आवाज. "ए पोरी, कव्हर कोण घालणार? मागं ये." मी मागं आले, कव्हर घातलं, आणि स्टँडवर पोचले तेव्हा गाडी नाक्याच्या पलीकडं गेलेली होती. मी रडत परत आले. तुम्ही कुलूप लावत होता. माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "गेली व्हय? चल मग घरी."

तुमचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. खिडकीत तुळशीऐवजी ओवा लावलेला, भिंतीला टेकवून ठेवलेली काठवट. तुम्ही शेजारच्या दुकानातून आमच्या गावच्या किराणा दुकानात फोन लावता, माझ्या वडिलांना बोलावून आणायला सांगता, आणि ते आल्यावर म्हणता, "पोरगी माझ्यापशी हाय. सकाळच्या गाडीनं धाडते." पलीकडून वडील काहीतरी लांबलचक बोलतात. तुम्ही ऐकता, "बरं" म्हणता आणि फोन ठेवता. मग मला विचारता, "भाकरी येती का थापायला?" मी मान हलवते. "मग थाप. मी टायपिंग शिकवते, भाकरी न्हाय." आपण दोघी पिठलं-भाकरी खातो. वडील काय म्हणाले ते तुम्ही जेवण झाल्यावर सांगता, भांडी घासता घासता, माझ्याकडं पाठ करून. "पुन्हा गाडी चुकली तर क्लास बंद, असं म्हणत होते. त्यांचं चुकत न्हाय. माझ्यामुळं गेली तुझी गाडी." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही भिंतीवरचं घड्याळ दरवाजासमोर आणून लावलंत, आणि गावच्या पोरींना दहा मिनिटं आधीच म्हणू लागलात, "कव्हर घाला गं बायांनो, गाड्या निघाल्या."

मी टायपिंग पास झाले, मग बारावी, मग धाराशिवला कॉलेज. आमच्या घरात ग्रॅज्युएट झालेली मी पहिलीच. निकालाचे पेढे घेऊन आले तेव्हा क्लासच्या जागी मोबाईल रिचार्जचं दुकान होतं आणि तुम्ही कळंबमधल्याच शाळेच्या ऑफिसात सीनियर क्लार्क होता. पेढा तोंडात टाकून तुम्ही विचारलंत, "ते कॉम्प्युटरचं शिकलीस ना? मग ये इथं. आमच्याकडं लई सावळागोंधळ हाय." गोंधळ खरोखरच होता. ज्याच्या टेबलावर जो कॉम्प्युटर, त्यात त्याच्या फायली. एकाचं पत्र दुसऱ्याकडं नेलं की अक्षरांचे चौकोन व्हायचे. पेन ड्राईव्ह सापडत नाही म्हणून सही अडायची. संस्थेनं तुमच्या शब्दावर मला घेतलं आणि एक थोरला कॉम्प्युटर विकत घेतला, सर्व्हर म्हणून.

मला वाटायचं, मी या शाळेत काहीतरी मोठं करणार आहे. लिहायचं-छापायचं सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या मशीनवर वेगळं न टाकता एकदाच सर्व्हरवर टाकायचं आणि सगळ्या टेबलांवरून तेच चालवायचं. फायलीही सगळ्यांच्या एकाच जागी. फक्त ज्याचं त्याचं आवडतं, म्हणजे अक्षराचा आकार, कोपऱ्यातली बटणं, ते ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये. मी स्टाफरूममध्ये उभी राहून मोठ्या तोंडानं सांगितलं होतं, "आता प्रत्येक गोष्टीची एकच प्रत असेल. कुणाची फाईल कुणाच्या टेबलात अडकून राहणार नाही." मुख्याध्यापक सर म्हणाले, "आणि वीज गेली तर?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "वीज गेली तर आपण शाळेत असतोच की, तोंडानं सांगू," म्हणालात. पहिल्यांदा तुमच्या टेबलावर ते सुरू केलं तेव्हा त्यानं वापरणाऱ्याचं नाव विचारलं. मी तुमचं पूर्ण नाव टाइप करायला लागले, तर तुम्ही माझा हात धरलात. "नुसतं बाई लिही. इथं पूर्ण नावानं कोण बोलवतंय मला?" मी लिहिलं, बाई.

त्याच दिवशी मी तुम्हाला चिठ्ठीचं समजावून सांगितलं होतं. कुणी फाईल उघडली की प्रोग्राम तिच्याशेजारी एक न दिसणारी चिठ्ठी ठेवतो, उघडणाऱ्याच्या नावाची. दुसरं कुणी तीच फाईल उघडायला गेलं की ही अमक्याच्या वापरात आहे असं सांगतो आणि फार तर वाचायला एक प्रत देतो. पहिल्यानं फाईल मिटली की चिठ्ठी आपोआप जाते. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "म्हंजी एका मशीनवर दोघींनी बसायचं न्हाय, आणि उठताना कव्हर घालायचं. मी दुसरं काय सांगत होते इतकी वर्षं?"

कव्हरावरून ते आठवलं. पुढच्याच आठवड्यात भर सकाळी सगळ्यांची मशीनं अडकली, आणि मी धावत कपाटाशेजारी गेले तर सर्व्हर तापून बंद पडलेला. त्याच्यावर तुम्ही क्लासातलं टाइपरायटरचं निळं कव्हर घातलं होतं, कडेला टीप मारून मापाचं करून. मी म्हणाले, "बाई, त्याला हवा लागते. कोंडलं की बंद पडतं ते." तुम्ही खजील झाला होता, पण तेवढ्यापुरत्याच. "मला काय माहीत त्याला नाक हाय," म्हणालात. संध्याकाळी तुम्ही ते कव्हर उसवून त्याची पिशवी शिवून मला दिलीत. ती पिशवी अजून माझ्याकडं आहे. तिचा बंद आता दुसऱ्यांदा शिवलाय, माझ्या हातानं, वाकडा.

शाळेचं वेळापत्रक तुम्ही करायचात. कामाप्रमाणे ते पर्यवेक्षकांचं होतं, पण त्यांनी ते कधीच तुमच्याकडं सरकवलं होतं. मी शेजारी बसून बघायचे. शेवटचा तास तुम्ही सगळ्यात आधी भरायचात. सगळे पहिल्या तासापासून भरतात, तुम्ही शेवटून. वरच्या वर्गांना शेवटचा तास खेळाचा. गणिताचे सर कुरकुरले तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "सर, बाहेरगावच्या पोरी शेवटच्या तासाला गणित करत नसत्यात, गाडी करत असत्यात. खेळाच्या तासाला त्यांना स्टँडवर खेळू द्या." मला माझी चुकलेली गाडी आठवली. मी उठून पाणी प्यायला गेले.

आणि मग तो दिवस. एक शिक्षिका रजेवर गेली म्हणून तुम्ही वेळापत्रक पुन्हा लावत होता. "घाम यायलाय गं, पंखा वाढव," म्हणालात. पंखा वाढलेलाच होता. शाळेच्या शिपाईमामांनी रिक्षा आणली, मी तुम्हाला धरून बसवलं. स्टँडसमोरून रिक्षा जाताना तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "फाईल मिटायची राहिली गं." मी म्हणाले, "मी मिटते बाई. तुम्ही पडून राहा." दवाखान्यातून तुम्हाला धाराशिवला हलवलं, आणि दुसरा दिवस उजाडायच्या आत तुम्ही गेलात. इकडं शाळेत मामांनी रोजच्यासारखा संध्याकाळी मेन स्विच पाडला होता. तुमचं मशीन फाईल उघडी असतानाच बंद झालं. चिठ्ठी तशीच राहिली.

तेराव्यानंतर मी वेळापत्रक उघडायला गेले तर समोर आलं, ही फाईल बाई यांच्या वापरात आहे. मी कितीतरी वेळ त्या ओळीकडं बघत बसले. मामा झाडत झाडत मागं येऊन उभे राहिले, त्यांनी एकेक अक्षर लावून ती ओळ वाचली. "म्हंजी बाई अजून कामावरच हायत," म्हणाले. मी म्हणाले, "व्हय मामा." ते पुढं झाडायला गेले. ती चिठ्ठी कुठं असते आणि कशी काढायची हे शाळेत फक्त मला माहीत होतं. मी काढली नाही. कुणी विचारलं की सांगायचे, सर्व्हरचं काहीतरी आहे, प्रत काढून घ्या. लोक प्रत काढून घ्यायला लागले. आणि मी, सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन, वेळापत्रक उघडायला जायचे. उघडण्यासाठी नाही. ती ओळ यायची, मी ती वाचायचे, आणि कामाला लागायचे.

एकच प्रत म्हणून मी भाषण केलं होतं, आणि माझ्याच सर्व्हरवर वेळापत्रक नवीन, वेळापत्रक शेवटचं, वेळापत्रक खरं शेवटचं अशा प्रती साठत गेल्या. मुख्याध्यापक सर चेष्टा करायचे, "तुमच्या बाई काय आम्हाला वेळापत्रक देत नाहीत बुवा." दर जूनला मी त्यातल्या एखाद्या प्रतीत शेवटचा तास तुमच्यासारखा लावायचे आणि तीच छापली जाईल असं बघायचे. यंदा मी एका प्रतीत लावला आणि पर्यवेक्षकांनी दुसरी छापली. दहावीला शेवटचा तास रोज गणिताचा.

काल संध्याकाळी ऑफिसच्या दारात एक बाप उभा राहिला. मागं मोटारसायकलजवळ त्याची मुलगी, दप्तर पोटाशी धरून. तो आवाज चढवत नव्हता. "मॅडम, रोज गाडी चुकती. रोज मला रानातलं सोडून न्यायला यावं लागतंय. आन् मी आलो न्हाय तर ही अंधारात स्टँडवर. असंच असंल तर सोमवारपासून न्हाय धाडत मी. घरी बसू दे." सर म्हणाले, "अहो, दहावीचं वर्ष आहे." तो म्हणाला, "मला बी कळतंय सर. पण पोरगी हाय." मुलगी माझ्याकडं बघत होती. मला आमच्या गावच्या किराणा दुकानातल्या फोनमधून तुमच्या कानात पडलेलं बोलणं पहिल्यांदा ऐकू आलं. मी म्हणाले, "दादा, उद्याच्या दिवस थांबा. सोमवारी ती गाडीत असंल. माझा शब्द." तो गेल्यावर सर म्हणाले, "त्या सगळ्या प्रती काढून टाका आणि एकच ठेवा. बाईंची मूळ फाईल का उघडत नाही?" मी म्हणाले, "उद्या उघडते."

म्हणून आज दुपारी, सगळे डबा खायला गेले असताना, मी सर्व्हरवर जाऊन ती चिठ्ठी शोधली. एवढीशी असते. आत तुमचं नाव आणि त्या दिवसाची वेळ, बाकी काही नाही. मी ती काढली. मग वेळापत्रक उघडलं आणि ते लगेच उघडलं, काहीच न विचारता. हे मला लागलं, बाई. त्यानं एकदा तरी विचारायला हवं होतं. आत तुम्ही सेव्ह केलं होतं तेवढं होतं. रजेवरच्या शिक्षिकेचे तास तुम्ही उचललेले, दोन चौकोन रिकामे, आणि शेवटची उभी ओळ वरपासून खालपर्यंत भरलेली. खेळ, खेळ, खेळ. मी यंदाचे विषय, यंदाची नावं बसवली, रिकामे चौकोन भरले. शेवटच्या ओळीला हात लावला नाही. छापून सरांची सही घेतली, दहावीच्या वर्गात स्वतः जाऊन लावलं. ती मुलगी बाकावरून उठून वाचायला आली, बोटानं शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि शेजारणीला म्हणाली, "आता साडेपाचची मिळती की गं." मग मी ऑफिसात येऊन बाकीच्या प्रती काढून टाकल्या आणि फाईल मिटली. रिक्षात म्हणाले होते ना, मी मिटते.

आता शाळा सुटली आहे. हे पत्र मी तुमच्या मशीनवर, तुमच्याच नावानं, तुमच्या फोल्डरमध्ये लिहितेय, जिथं तुमचा अक्षराचा आकार अजून तसाच मोठा आहे, चष्म्याशिवाय दिसावा इतका. कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. मामा किल्ल्या घेऊन मेन स्विचपाशी उभे आहेत. आत्ताच त्यांनी विचारलं, "मिटलं का ताई समदं?" मी म्हणाले, "व्हय मामा, पाडा."

वेळापत्रक मिटलंय, बाई. हे पत्र सेव्ह केलंय, मिटलेलं नाही.